निर्देशांक चढला म्हणजे बाजार खोल झाला?

विकसनशील देशाचा शेअर निर्देशांक काही वर्षांत अनेक पटींनी वाढला की तिथला वित्तीय बाजार खोल झाला, असं सर्रास म्हटलं जातं. हे चूक आहे. 2007 साली झिंबाब्वेचा निर्देशांक गगनाला भिडला होता, तो चलन मातीमोल होत होतं म्हणून. हातातला पैसा कुठेतरी वाचवायला लोक शेअर घेत होते.

खोली कळते ती मोठ्या विक्रीच्या वेळी. समजा, एका पेन्शन फंडाने दहा लाख शेअर विकायला काढले. खोल बाजारात भाव जेमतेम हलतो. उथळ बाजारात पहिले काही हजार खपले की समोर खरेदीदारच उरत नाही, आणि भाव धाडकन आपटतो.

सगळ्या शेअरच्या एकूण बाजारमूल्याचं जीडीपीशी गुणोत्तरही एकट्याने भरवशाचं नाही. भाव फुगले की तेही फुगतं. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, धरून ठेवलेले, कधीच न विकले जाणारे शेअरसुद्धा त्यात मोजले जातात. म्हणून सोबत उलाढाल पाहायलाच हवी.

कर्जाचंही तसंच. 1997च्या आशियाई आर्थिक संकटाआधी थायलंडमध्ये खासगी कर्ज जीडीपीहून मोठं होतं, पण रोखेबाजार (जिथे बाँड विकून कर्ज उभारतात) लहान. सगळा भार बँकांवर आला. त्या अनुभवातूनच पुढे आसियान या आग्नेय आशियाई गटातल्या देशांनी चीन, जपान आणि दक्षिण कोरियाला सोबत घेऊन स्थानिक चलनातले रोखेबाजार वाढवायला घेतले.