१९४८ साली ब्रिटनमध्ये कारखाना काढायचा तर: पात्रता, दाखले आणि परवाने

समजा, साल १९४८ आहे. लंडनच्या उपनगरात तुमचा विजेच्या उपकरणांचा कारखाना आहे. माल हातोहात खपतोय, शेजारचा प्लॉट रिकामा आहे आणि गाठीला पैसाही आहे. तिथे दुसरी शेड टाकावी असं तुमच्या मनात आहे. पण थांबा. ५,००० चौरस फुटांपेक्षा मोठी औद्योगिक इमारत असेल, तर बोर्ड ऑफ ट्रेडच्या, म्हणजे ब्रिटनच्या व्यापार-उद्योग खात्याच्या, दाखल्याशिवाय तुमच्या बांधकामाच्या अर्जाला नियोजन खात्यात काहीही किंमत नाही.

हे कुठून आलं ते थोडक्यात. १९३०च्या दशकात साउथ वेल्समधला कोळसा, ईशान्य इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठची जहाजबांधणी, सगळंच बसलं. गावंच्या गावं बेकार झाली आणि नवे कारखाने मात्र लंडन-बर्मिंगहॅमच्या आसपास उभे राहत होते. १९३४ साली ‘विशेष क्षेत्रां’चा, म्हणजे अशा बेकारीग्रस्त भागांना मदत देण्याचा कायदा झाला. गेट्सहेडजवळ टीम व्हॅली, वेल्समध्ये ट्रीफॉरेस्ट, ग्लासगोजवळ हिलिंग्टन अशा औद्योगिक वसाहतीही उभ्या राहिल्या. युद्धाने सगळ्यांच्या हाताला काम दिलं, पण शांतता आली की पुन्हा तेच होणार ही धास्ती होती. म्हणून जून १९४५ मध्ये उद्योगांच्या वाटणीचा कायदा मंजूर झाला. त्यात ईशान्य इंग्लंड, वेस्ट कंबरलँड, साउथ वेल्स, क्लाइड खोरं आणि डंडी ही ‘विकास क्षेत्रं’ ठरली. पुढे यादीत आणखी नावं आली.

इथे आधी जागा पात्र आहे का ते बघतात, उद्योजक नंतर. आपल्याकडे ‘तालुका डी प्लसमध्ये (उद्योगांना जास्त सवलती देणाऱ्या मागास तालुक्यांच्या गटात) येतो का?’ हा पहिला प्रश्न असतो, तसंच.

पहिला कागद: औद्योगिक विकास दाखला. १९४७च्या नगररचना कायद्यातली ही तरतूद जुलै १९४८ पासून लागू झाली. तुमचा कारखाना ‘उद्योगांच्या योग्य वाटणी’शी सुसंगत आहे, असं बोर्ड ऑफ ट्रेडने लिहून द्यायचं. ‘योग्य’ म्हणजे काय ते ठरवणारही बोर्डच. काय बनवणार, किती जागा लागणार, पुरुष किती आणि बायका किती कामावर घेणार, आणि मुख्य म्हणजे हे विकास क्षेत्रात का होत नाही, याची उत्तरं तयार ठेवा. शेवटच्या प्रश्नाला ‘आमचे जुने कामगार इथेच राहतात’ एवढंच उत्तर असेल, तर फाइल पुढे सरकणं कठीण. नकार आला तर त्यावर अपील नाही.

दुसरा: स्थानिक नियोजन प्राधिकरणाची परवानगी. दाखला जोडलेला असेल तर इथे नेहमीचेच सोपस्कार.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात जड: बांधकाम परवाना. युद्धकाळातलं नियंत्रण अजून उठलेलं नाही आणि ते १९५४ पर्यंत उठणारही नाही. पोलाद, लाकूड, गवंडी, सगळ्याचाच तुटवडा. दाखला हातात असूनही पोलादाचा कोटा नसेल, तर प्लॉटवर गवत वाढत बसतं. विकास क्षेत्रातल्या बांधकामाला मात्र हा परवाना आधी मिळतो. म्हणूनच १९४५ ते १९४७ या काळात देशातल्या नव्या औद्योगिक बांधकामापैकी निम्म्याहून अधिक विकास क्षेत्रांत झालं, तिथली लोकसंख्या देशाच्या साधारण पाचवा हिस्सा असूनही. सवलतींचं कौतुक पुष्कळ झालं, पण उद्योजकांना वेल्सपर्यंत ओढून नेलं ते या परवान्याने. १९४७च्या आर्थिक संकटानंतर सरकारनेच हात आखडता घेतला आणि हा वाटा झपाट्याने खाली आला.

आता विकास क्षेत्रात जायला तयार असाल तर काय मिळतं ते पाहू. बोर्ड ऑफ ट्रेड स्वतः कारखाने बांधून भाड्याने देतं. भाडं बांधकामाच्या खर्चावरून ठरत नाही. सरकारी मूल्यांकन अधिकारी त्या भागातल्या चालू दरावरून ते ठरवतो, म्हणजे बहुतेक वेळा स्वस्तच पडतं. बांधकामाची वाट बघायची नसेल, तर युद्धकाळातले दारूगोळ्याचे कारखाने आहेत. साउथ वेल्समधल्या ब्रिजेंडच्या कारखान्यात ऐन युद्धात ३० हजारांहून अधिक माणसं कामाला होती, त्यात बहुतेक बायका. तीच आवारं आता औद्योगिक वसाहती झाली आहेत. तयार छप्पर, आतवर आलेला रस्ता, वीज, पाणी. त्या टंचाईत हे घबाडच होतं.

भांडवल कमी पडत असेल तर ट्रेझरीकडून, म्हणजे अर्थखात्याकडून, कर्ज किंवा अनुदान मिळू शकतं, पण अट मोठी गमतीची आहे. दुसरीकडून वाजवी अटींवर पैसा मिळत नाही हे दाखवायचं, आणि पुढे मदतीशिवाय धंदा चालेल हेही पटवायचं. म्हणजे बँकेला नको असलेला, तरी भरवशाचा अर्जदार हवा! शिफारस स्वतंत्र सल्लागार समिती करते, तिच्याशिवाय ट्रेझरी पैसा सोडत नाही.

यातून खरंच कारखाने उभे राहिले. साउथ वेल्समधल्या मर्थर टिडफिलला १९४८च्या ऑक्टोबरमध्ये हूवर कंपनीचा धुलाई यंत्रांचा कारखाना सुरू झाला. स्वॉन्सी खोऱ्यातल्या अस्त्राद्गिनलाइसमध्ये घड्याळांचा कारखाना आला आणि गावाने त्याचं नाव ठेवलं ‘टिक टॉक’. अडचण इतकीच, की अशा नाजूक, हलक्या कामांवर बायका जास्त लागत आणि खाणी बंद पडून घरी बसले होते ते पुरुष. अर्जात पुरुष कामगारांचा आकडा विचारायचा तो त्यासाठीच.

राहता राहिला तुमचा लंडनचा प्लॉट. दाखला नाकारला गेला असेल, तर अपिलाचा कागद शोधत बसू नका. बोर्ड ऑफ ट्रेडच्या कार्डिफ, न्यूकॅसल किंवा ग्लासगोच्या प्रादेशिक कार्यालयात जा आणि कुठल्या वसाहतीत गाळा रिकामा आहे ते विचारा.