कराटे की तायक्वांदो? लाथ कुठे थांबते ते बघा

जून उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो. "जवळपास चांगला कराटे क्लास आहे का? तायक्वांदो पण चालेल." त्या 'पण चालेल'नं माझं डोकं फिरतं. क्रिकेटच्या कोचिंगची चौकशी करताना 'टेनिस पण चालेल' असं कुणी म्हणत नाही.

दोष एकट्या पालकांचा नाही. गल्लीच्या तोंडावरचा फ्लेक्स बघा: कराटे, तायक्वांदो, किक बॉक्सिंग, सेल्फ डिफेन्स, खाली बारीक अक्षरात योगा. सर एकच, हॉल एकच, वेळ संध्याकाळी 6 ते 7. अशा फ्लेक्सखाली मी स्वतःच्या भाच्याला सोडून आलो होतो, म्हणून हा वैताग.

कराटे तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. ओकिनावा बेटावरची विद्या, 1922 मध्ये गिचिन फुनाकोशींनी तोक्योला नेली, तिथून जगभर गेली. तायक्वांदो कोरियाचं. हे नाव पडलं 1955 मध्ये, आणि सुरुवातीच्या कोरियन गुरूंपैकी बरेच जण जपानमध्ये कराटे शिकून आलेले होते. त्यामुळे दोन्ही सारखी दिसतात यात नवल नाही.

किरकोळ फरक पटकन उरकतो. कराटेचा गणवेश, म्हणजे गी, समोरून एकावर एक घेऊन बांधतात, तायक्वांदोचा दोबोक व्ही गळ्याचा, डोक्यातून घालायचा. ठरावीक हालचालींच्या मालिकेला इकडे काता, तिकडे पूमसे. हॉलच्या खिडकीबाहेर उभं राहून आकडे ऐकले तरी कळतं: 'इची, नी, सान' म्हणजे कराटे, 'हाना, दुल, सेत' म्हणजे तायक्वांदो.

आणि ते पेटंट उत्तर, 'कराटेत हात, तायक्वांदोत पाय'? अर्धवट आहे. कराटेच्या स्पर्धेत ठोशाला 1 गुण, पोटाच्या उंचीच्या लाथेला 2, आणि डोक्यावरच्या लाथेला पूर्ण 3. हातापायांवरून फरक ठरवायला गेलात तर फसाल.

खरा फरक हा: मारलेली लाथ कुठे थांबायला हवी.

ऑलिंपिकच्या धाटणीच्या कराटेत वार पूर्ण ताकदीनं निघतो, पण पोचता पोचता आवरायचा असतो. चेहऱ्यावर तर जेमतेम स्पर्श. गुण मिळाला की पंच 'यामे' म्हणून लढत थांबवतो, दोघं जागेवर जातात, पुन्हा सुरुवात. समोरच्याला जास्त लागलं तर गुण राहिला बाजूला, दंड तुम्हालाच.

तायक्वांदोत उलटं. छातीवर होगू, म्हणजे जाड चिलखतासारखा गार्ड, डोक्यावर हेल्मेट, आणि लाथ त्या गार्डमध्ये घुसली पाहिजे. मोठ्या स्पर्धांत गार्डमध्ये सेन्सर असतात आणि वजनी गटाप्रमाणे ठरलेल्या जोराखाली ते दादच देत नाहीत. छातीवर लाथ 2 गुण, डोक्यावर 3, गिरकी घेऊन मारली तर 4 आणि 5. गुण मिळाला म्हणून कुणी थांबवत नाही, लढत चालूच. ठोसा फक्त छातीवर, त्याचा 1 गुण. तोंडावर ठोसा मारायला बंदी.

हे किती टोकाला जातं ते तोक्यो ऑलिंपिकमध्ये दिसलं. 7 ऑगस्ट 2021, कराटेच्या 75 किलोवरील गटाची अंतिम लढत. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी इराणच्या सज्जाद गंजजादेवर 4-1 नं पुढे होता. त्याची उंच लाथ अशी बसली की गंजजादे जागीच बेशुद्ध, स्ट्रेचरवरून बाहेर. आणि सुवर्णपदक कुणाला? स्ट्रेचरवरच्या माणसाला. हमेदी वार न आवरल्याबद्दल बाद. तीच लाथ शेजारी तायक्वांदोच्या मॅटवर बसली असती तर पंचांनी आकडे मोजले असते आणि मारणारा जिंकला असता.

भाच्याची गोष्ट याच्याच लहान आवृत्तीची. दोन वर्षं 'कराटे-तायक्वांदो' शिकून तो तायक्वांदोच्या स्पर्धेला उतरला. पहिल्याच मिनिटाला सुरेख लाथ काढली, होगूला टेकवली, पाय मागे घेतला आणि पंचांकडे बघत उभा राहिला. कुणी लढत थांबवली नाही. सेन्सरबिन्सर नव्हते, कोपऱ्यातले पंच बटणं दाबून गुण देत होते, आणि त्या टेकवलेल्या लाथेवर एकाचंही बोट हललं नाही. समोरच्या पोरानं तेवढ्यात धपाधप तीन लाथा ठेवून दिल्या. "मामा, माझी लागली होती ना?" लागली होती रे, पण कराटेची लागली होती.

सरावात याचे परिणाम सगळीकडे दिसतात. कराटेचा खेळाडू हात वर ठेवतो, झेपावतो, मारतो, मागे सरकतो. तायक्वांदोवाल्याचे हात बऱ्याचदा खाली लोंबतात, कारण तोंडावर ठोसा येणारच नसतो. तो पुढचा पाय हवेत धरून नाचवत राहतो. हे बघून 'हे कसलं सेल्फ डिफेन्स' म्हणणारे भेटतात. मुद्दा बरोबर आहे, पण मग तोंडापाशी ठोसा आवरायची सवय तरी रस्त्यावर काय कामाची? ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी ज्युदो बघावं, निदान खरोखर पकडणारा माणूस समोर असतो.

दोन्हीकडे अपवाद आहेतच. क्योकुशिन कराटेत अंगावर पूर्ण ताकदीनं मारतात, मात्र हातानं चेहऱ्यावर नाही. आणि आयटीएफ नावाच्या जुन्या तायक्वांदो परंपरेत चेहऱ्यावर ठोसा चालतो. म्हणून सरांना 'कोणतं?' विचारल्यावर पुढचा प्रश्न 'त्यातलं कोणतं?' असायला हवा. उत्तर 'सगळंच शिकवतो' आलं तर चपला घालून निघा.

माझं मत विचाराल तर घरात गादीवरून सोफ्यावर उड्या मारणारं पोर तायक्वांदोला घाला. त्याला जोर काढायला जागा मिळते आणि गार्ड असल्यानं समोरचंही सुरक्षित राहतं. खर्च मात्र धरून चला: होगू, हेल्मेट, हातापायांचे गार्ड, माउथगार्ड. पदकाची स्वप्नं असतील तर हेही माहीत असू द्या की तायक्वांदो 2000 पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे. कराटे तोक्योत एकदाच आलं, पॅरिसला नव्हतं आणि 2028 च्या लॉस एंजेलिसलाही नाही.

चाळिशीकडे झुकलेल्यांनी कराटे घ्यावं, आणि काता मन लावून करावा. डोक्याएवढी लाथ मारायची हौस दुसऱ्या महिन्यात मांडीच्या मागच्या शिरेवर निघते. गोल लाथ मारताना टेकलेला पाय टाचेसकट वळवायचा, नाहीतर गुडघा पिळला जातो. हे दोन्हीकडे लागू. पहिल्या आठवड्यात हे न सांगता वीस-वीस लाथा मारायला लावणारे सर मला अजिबात आवडत नाहीत.

वर्षभरात ब्लॅक बेल्ट देणारेही नाहीत आवडत. कुक्कीवॉनच्या, म्हणजे तायक्वांदोच्या सोलमधल्या मुख्यालयाच्या पद्धतीत पंधरा वर्षांखालच्या मुलाला ब्लॅक बेल्टऐवजी पूम मिळतो, त्याचा पट्टा लाल-काळा. त्यामुळे तिथला नऊ वर्षांचा 'ब्लॅक बेल्ट' स्टेजवर कौलं फोडताना दिसला तर आधी पट्ट्याचा रंग नीट बघा. कौलांविषयी न बोललेलं बरं.

क्लास बघायला जाल तेव्हा पोरं पॅडवर मारत असतील त्या वेळी जा आणि पाय पॅडला भिडल्यावर काय होतं एवढंच बघा. भाच्यानं शेवटी तायक्वांदो धरलं, दुसऱ्या सरांकडे. अजूनही मध्येच त्याची लाथ होगूपाशी येऊन थबकते आणि सर मॅटच्या कडेवरून ओरडतात, "अरे, विचारतोस काय त्याला? मार!"