वाहतूक प्रवाहाची गणिती प्रतिमाने

शहरातील रस्त्यांवरून किती वाहने, किती वेगाने आणि कोणत्या मार्गाने जातील याचा समीकरणांच्या आधारे अंदाज बांधण्याची पद्धत. सिग्नलच्या वेळा ठरवताना आणि नवा रस्ता किंवा पूल आखताना तिचा आधार घेतला जातो.

मूळ राशी तीन: घनता (दर किलोमीटरला वाहने), सरासरी वेग आणि प्रवाह (एखाद्या ठिकाणाहून तासाला जाणारी वाहने). घनता आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह. गर्दी वाढली की वेग किती उतरतो, हा खरा प्रश्न. अमेरिकी अभियंते ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३५ मध्ये हा उतार सरळ रेषेत मांडला. प्रत्यक्षातला आलेख इतका सरळ नसतो, पण हिशेबाला हे सूत्र अजूनही सोयीचे पडते.

१९५५ मध्ये लाइटहिल व व्हिटम यांनी आणि १९५६ मध्ये रिचर्ड्स यांनी स्वतंत्रपणे वाहतुकीला द्रवाच्या प्रवाहाचे गणित लावले. समजा, मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ६० कि.मी. आहे आणि किलोमीटरभरात १२० वाहने साचली की सारे ठप्प होते. किलोमीटरला ३० वाहने असतील तर ग्रीनशील्ड्स यांच्या सूत्राने वेग ४५ आणि प्रवाह तासाला १,३५० वाहने येतो. पुढे सिग्नल लाल झाला की रांगेचे शेपूट १,३५० भागिले ९० (ठप्प रांगेतील १२० आणि येणाऱ्या ३० वाहनांतील फरक), म्हणजे ताशी १५ कि.मी. वेगाने मागे सरकते. वाहने पुढे येत असतात आणि कोंडी मागे जात असते.

मात्र काहीही कारण नसताना होणारी कोंडी या सिद्धांतात बसत नाही. जपानमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. ना सिग्नल, ना अडथळा. तरी थोड्या वेळात कोंडी झालीच. असे वर्तन टिपण्यासाठी प्रत्येक वाहनाचा स्वतंत्र हिशेब ठेवणारी प्रतिमाने लागतात. नागेल व श्रेकेनबर्ग यांचे १९९२ चे प्रतिमान रस्त्याचे चौकोनी घरांत तुकडे करते आणि चालक अधूनमधून उगाच वेग कमी करतो हेही त्यात धरते.

रस्त्यांच्या जाळ्यात चालकाची निवडही येते. जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये समतोलाची अट सांगितली: वापरात असलेल्या सर्व मार्गांना सारखाच वेळ लागतो, मार्ग बदलून कोणाचाही फायदा होत नाही. हा समतोल सर्वांच्या हिताचा असतोच असे नाही. समजा, ४,००० वाहनांसाठी दोन मार्ग आहेत. प्रत्येकात एक रुंद रस्ता (नेहमी ४५ मिनिटे) आणि एक अरुंद रस्ता (वाहनसंख्या भागिले १०० मिनिटे), पण उलट क्रमाने. निम्मी-निम्मी वाहने गेली तर प्रत्येकाला ६५ मिनिटे लागतात. दोन अरुंद रस्ते जोडणारा, वेळच न लागणारा दुवा बांधला की सगळे त्यावरूनच वळतात आणि प्रवास (दोन्ही अरुंद रस्त्यांवर ४०-४०) ८० मिनिटांचा होतो. जर्मन गणिती डीट्रिश ब्राएस यांनी १९६८ मध्ये दाखवलेला हा विरोधाभास नव्या रस्त्याचा प्रस्ताव मांडणाऱ्यांना सहसा रुचत नाही.

मोटारी, दुचाकी आणि बस एकाच पट्ट्यात मिसळतात तिथे घनता मोजणेच अवघड असते. अशा वेळी प्रत्येक वाहन किती मोटारींबरोबर धरायचे याचा गुणक ठरवतात. पण हा गुणक गर्दीनुसार बदलतो, त्यामुळे एका रस्त्यावर ठरवलेला आकडा दुसऱ्या रस्त्यावर जसाच्या तसा चालत नाही.