व्हीसीतील कॅमेरा-नियंत्रण

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या सभेत कॅमेरा कुठे वळावा, किती जवळ यावा आणि कोणाच्या सांगण्यावरून वळावा हे ठरवणाऱ्या यंत्रणांना व शोधांना मिळून कॅमेरा-नियंत्रण म्हणतात. शासकीय पत्रकांत अशी सभा ‘दूरदृश्य प्रणालीद्वारे’ होते. मंत्रालयाच्या मजल्यांवर मात्र ‘आज साहेबांची व्हीसी आहे’ एवढेच ऐकू येते, म्हणून या नोंदीतही व्हीसी हाच शब्द वापरला आहे. कॅमेऱ्याच्या मुख्य हालचाली तीन : पॅन म्हणजे डावी-उजवीकडे वळणे, टिल्ट म्हणजे मान वर-खाली करणे आणि झूम. या तिन्ही करणाऱ्या कॅमेऱ्याला पीटीझेड कॅमेरा म्हणतात. माइक, पडदा, दिवे आणि कागद दाखवणारा कॅमेरा हेही बहुधा त्याच रिमोटवर किंवा टच पॅनलवर असतात, पण या विषयातले खरे भांडण कॅमेऱ्यावरून आहे.

सुरुवातीला कॅमेरा हलतच नव्हता, माणसाने त्याच्यापुढे नीट बसायचे असा करार होता. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग येथे त्याची व्यापारी सेवा सुरू केली. ती चालली नाही. तिच्या यंत्रात एक छोटी युक्ती मात्र होती : भिंगापुढे आरसा आणला की कॅमेऱ्याला चेहऱ्याऐवजी टेबलावरचा कागद दिसे. मोटर नाही, आज्ञा नाही, नुसता आरसा. न्यायालयांत आज ज्याला डॉक्युमेंट व्हिज्युअलायझर म्हणतात, त्याचा हा पूर्वज मानायला हरकत नाही.

तारेवरची आज्ञा

मोटर बसवलेले कॅमेरे आले तेव्हा त्यांना हुकूम कोणत्या भाषेत द्यायचा हा प्रश्न उभा राहिला. सोनी कंपनीची व्हिस्का ही नियंत्रण-भाषा या क्षेत्रात रुळली आणि पुढे इतर उत्पादकांनीही ती उचलली. तिची रचना अगदी काटकसरीची आहे. ‘मूळ जागी ये’ हा हुकूम फक्त पाच बाइटचा असतो : ८१ ०१ ०६ ०४ एफएफ. पहिला बाइट कोणी कोणाला सांगितले ते सांगतो, शेवटचा एफएफ म्हणजे पूर्णविराम. ९६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट नेणाऱ्या, तारेवरून हा हुकूम पोहोचायला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. कॅमेऱ्याची मान फिरायला अर्थातच त्याहून कितीतरी जास्त. एका कॅमेऱ्यातून दुसऱ्यात अशी तार ओवत जाऊन एकाच जॉयस्टिकवर सात कॅमेरे चालवता येतात. आता हेच हुकूम नेटवर्कच्या केबलमधूनही जातात. तरीही जुन्या सभागृहांची दुरुस्ती करणारा माणूस आठ पिनांची मिनी-डिन केबल शोधत लॅमिंग्टन रोडला जातोच.

वापरताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. झूम पूर्ण आत असताना दृश्याचा कोन जेमतेम काही अंशांचा उरतो. त्या अवस्थेत नेहमीच्या वेगाने पॅन केले, तर बोलणारा माणूस चौकटीतून निघून जातो आणि मागची भिंत येते. म्हणून चांगली नियंत्रणे झूम वाढेल तसा वळण्याचा वेग आपोआप कमी करतात. प्रीसेट ही त्याहून सोपी वाट : अध्यक्ष, सचिव, पडदा, संपूर्ण टेबल अशा जागा आधी साठवायच्या आणि वेळेला एक बटण दाबायचे. मुंबईतले ऑपरेटर याला ‘प्रीसेट मारणे’ म्हणतात आणि जाणता ऑपरेटर सभेत जॉयस्टिकला शक्यतो हात लावत नाही.

दुसऱ्या टोकाचा कॅमेरा

आपल्या खोलीतला कॅमेरा हलवणे हे अभियांत्रिकीचे काम. समोरच्या खोलीतला हलवायचा तर ते शिष्टाचाराचेही काम होते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९९० मध्ये आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन तारांवरील व्हीसीसाठी एच.३२० हे मानक आणले. १९९४ मध्ये एच.२८१ आले, ते केवळ दूरच्या टोकाचा कॅमेरा हलवण्यासाठी. यात ‘सुरू कर’, ‘चालू ठेव’ आणि ‘थांब’ असे वेगवेगळे संदेश आहेत. शिवाय प्रीसेट साठवणे, प्रीसेटवर जाणे आणि दुसरा कॅमेरा निवडणे यांचेही आहेत. प्रीसेटसाठी चार बिट राखलेले असल्याने त्यांची संख्या सोळा.

‘चालू ठेव’ या संदेशात खरी मेख आहे. बटण दाबून धरले की तो पुन्हा पुन्हा जात राहतो. तो येणे बंद झाले, तर दूरचा कॅमेरा ठरलेल्या मुदतीत, फार तर ८०० मिलिसेकंदांत, स्वतःहून थांबतो. ‘थांब’ हा संदेश वाटेत हरवला, तरी कॅमेरा गरगर फिरत राहत नाही. मात्र विलंबावर या मानकाकडे उतारा नाही. आपण बटण सोडतो तेव्हा डोळ्यांपुढचे चित्र काही क्षणांपूर्वीचे असते. तोवर तिकडची मान पुढे गेलेली असते. मग आपण उलटे बटण दाबतो, आणि ती मागे जास्त जाते.

आपला कॅमेरा हलवायचा की समोरच्यांचा, हे ठरवण्यासाठी व्हीसीच्या अनेक रिमोटवर नियर (जवळचा) आणि फार (दूरचा) अशी निवड असते. प्रस्तुत नोंदलेखकाने फोर्टमधल्या एका कार्यालयात तिचा परिणाम पाहिला आहे. ऑपरेटर डावे बटण दाबत होता, आमचे चित्र जागचे हलत नव्हते, म्हणून तो आणखी जोरात दाबत होता. मोठ्या पडद्यावर विदर्भातल्या एका जिल्ह्याचे अधिकारी बोलता बोलता हळूहळू चौकटीबाहेर सरकले आणि त्यांच्या जागी खिडकी, खिडकीत वाळत घातलेला पंचा आणि स्टीलचा डबा आला. तिकडच्या ऑपरेटरने कॅमेरा परत ओढला, इकडच्याने पुन्हा नेला. अर्धा मिनिट ही रस्सीखेच चालली, तेव्हा मागून कोणीतरी कुजबुजले, “अरे, फार लागलंय!”

आजच्या प्रणालींत हा अधिकार मागून घ्यावा लागतो : एकाने विनंती करायची, दुसऱ्याने मान्य करायची. क्रोम ब्राउझरमध्ये २०२० पासून वेब-पानाला कॅमेऱ्याचे पॅन, टिल्ट, झूम हलवता येतात. पण त्याची परवानगी नुसता कॅमेरा वापरण्याच्या परवानगीपेक्षा वेगळी ठेवली आहे. पाहणे आणि मान वळवून पाहणे यांत फरक आहे, हे एवढ्या उशिरा का होईना मान्य झाले.

आवाजामागे वळणारा कॅमेरा

नव्वदच्या दशकात शोधकांनी ऑपरेटरलाच वगळायचे ठरवले. अमेरिकेतील पिक्चरटेल कंपनीची लाइमलाइट ही यंत्रणा बोलणाऱ्याच्या आवाजावरून कॅमेरा वळवत असे. पिक्चरटेलच्या संस्थापकांपैकी ब्रायन हिनमन यांनी १९९० मध्ये जेफ्री रॉडमन यांच्यासह पॉलिकॉम स्थापन केली. त्या कंपनीच्या १९९८ च्या व्ह्यूस्टेशनमध्येही अशी सोय होती. २००१ मध्ये पॉलिकॉमने पिक्चरटेलच विकत घेतली.

यामागचे गणित शाळेतले आहे. दोन माइक २० सेंटिमीटर अंतरावर ठेवले आणि आवाज पूर्ण एका बाजूने आला, तर तो दूरच्या माइकला सुमारे ०.५८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. समोरून आला, तर फरक शून्य. या दोन टोकांच्या मधल्या प्रत्येक फरकाला एक दिशा असते. पण सेकंदाला १६ हजार नमुने घेणाऱ्या यंत्रासाठी ०.५८ मिलिसेकंद म्हणजे जेमतेम ९ नमुने. नव्वद अंशांची दिशा इतक्या जाड पट्टीने मोजून भागत नाही. म्हणून दोन नमुन्यांच्या मधली किंमतही काढावी लागते, माइकच्या जास्त जोड्या लावाव्या लागतात आणि उंची कळण्यासाठी त्यांतला एखादा माइक वर बसवावा लागतो. पुढे चेहरा ओळखणे जोडले गेले : आवाजाने दिशा सांगायची, चित्राने त्या दिशेला खरोखर माणूस आहे याची खात्री करायची. सिस्कोच्या २०१४ च्या स्पीकरट्रॅक ६० मध्ये दोन कॅमेरे शेजारी बसवले आहेत. एक प्रक्षेपणात असताना दुसरा गुपचूप पुढच्या वक्त्यावर नेम धरतो, त्यामुळे पाहणाऱ्यांना मान वळतानाची भोवळ बसत नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या खोल्या या यंत्रणेची परीक्षा घेतात. काचेवरून आवाज परावर्तित होतो आणि नसलेल्या जागी वक्ता असल्याचा भास होतो; काचेपलीकडून जाणाऱ्यांचे चेहरेही मोजणीत येतात. पँट्रीतला मुलगा चहाचे कप घेऊन आत आला की खणखणाटाबरोबर कॅमेरा त्याच्याकडे वळतो, आणि परदेशातले ग्राहक सेकंदभर ट्रे पाहत बसतात. म्हणून सुधारलेल्या यंत्रणा आवाज काही काळ टिकला तरच वळतात, आणि तो बोलण्याचा आहे की भांड्यांचा, हे आधी तपासतात.

न वळणारा कॅमेरा

सध्याचा कल मोटरच काढून टाकण्याकडे आहे. विशाल कोनाचे भिंग आणि ४के संवेदक घ्यायचा, सगळी खोली टिपायची आणि हवा तेवढा तुकडा कापून पाठवायचा. ३८४० × २१६० बिंदूंच्या चित्रातून १२८० × ७२० चा तुकडा काढला, तर तो क्षेत्रफळाने नववा भाग असतो. म्हणजे भिंग न हलवता तिप्पट झूम. ॲपलने २०२१ च्या आयपॅड प्रोमध्ये सेंटर स्टेज नावाने हेच घरोघरी नेले. यूएसबी कॅमेऱ्यांच्या मानकात पॅन-टिल्टची मोजणी विकलांत, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागांत होते. पंचांगवाल्यांना ओळखीचे वाटणारे हे एकक आता मोटर नसलेल्या कॅमेऱ्यालाही लागू पडते. फक्त मान वळण्याऐवजी चौकट सरकते. अशा वेळी आपण पाहत असलेल्यापेक्षा कॅमेरा जास्त पाहत असतो, हे खोलीतल्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

मुंबईतील वापर

न्यायालयीन व्हीसीचा पाया मुंबईतल्याच एका खटल्याने घातला. न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरची साक्ष मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयासाठी व्हीसीवर घ्यावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात १ एप्रिल २००३ रोजी न्यायालयाने ती घेता येते असे ठरवले. साक्ष आरोपीच्या ‘समक्ष’ व्हावी असे कायदा म्हणतो, पण ‘समक्ष’ याचा अर्थ देहाने समोर असणे एवढाच नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने केलेल्या आदर्श नियमांत कॅमेरा, माइक, पडदा आणि कागद दाखवणारा व्हिज्युअलायझर यांची यादी आहे. साक्षीदाराला बाजूने कोणी पढवत नाही ना, हे पाहणे दूरच्या टोकावरील समन्वयकावर सोपवले आहे.

चेहरा आपोआप मधोमध आणणारी सोय इथे उलटी पडते असे आमचे मत आहे. ती नेमकी बाजूची खुर्ची कापते, आणि न्यायालयाला तीच खुर्ची पाहायची असते. साक्षीच्या वेळी स्वयंचलित चौकट बंद, एक कॅमेरा चेहऱ्यावर आणि दुसरा संपूर्ण खोलीवर स्थिर, एवढी साधी मांडणी पुरते.

पवईच्या आयआयटीत सीडीप या दूरशिक्षण केंद्राच्या वर्गांत प्रश्न वेगळा : फळा, पडदा आणि त्यांच्या मध्ये फेऱ्या घालणारे प्राध्यापक. परळच्या टाटा रुग्णालयाशी जोडलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या ट्यूमर बोर्डांत, म्हणजे कर्करुग्णांचे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकांत, माणसांपेक्षा स्कॅन आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या महत्त्वाच्या, त्यामुळे तिथे कॅमेऱ्यापेक्षा पडद्याचे नियंत्रण कामाचे.

पेटंट

महाराष्ट्रातून अशा शोधाचे पेटंट मागायचे तर अर्ज ॲन्टॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जातो. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) नुसत्या संगणक-आज्ञावलीला आणि अल्गोरिदमला शोध मानत नाही. त्यामुळे ‘आवाजाची दिशा काढण्याचे सूत्र’ असा दावा अडतो. माइकची विशिष्ट मांडणी, मोटर आणि तिला मिळणारा हुकूम मिळून नवे तांत्रिक फळ देतात, असे दाखवावे लागते. मोटर गेली आणि सगळा शोध चौकट कापण्यात उरला, तशी ही वाट अरुंद झाली आहे. मिळाले तर पेटंट अर्जापासून २० वर्षे टिकते.

सुरक्षितता

जानेवारी २०१२ मध्ये रॅपिड७ या कंपनीतील एचडी मूर यांनी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या व्हीसी प्रणाली शोधल्या. येणारा कॉल आपोआप उचलण्याची सोय चालू असलेल्या सुमारे पाच हजार खोल्या त्यांच्या हाती लागल्या. आत शिरून कॅमेरा वळवता येत होता, आणि झूम करून दूरच्या कागदावरची अक्षरेही वाचता येत होती. दूरच्या टोकाचा कॅमेरा हलवण्याची जी सोय सौजन्य म्हणून दिली होती, तिचाच इथे उपयोग झाला.

तेव्हापासून आपोआप कॉल उचलणे बंद ठेवा, फार-नियंत्रण बंद ठेवा, प्रणाली फायरवॉलमागे ठेवा असे सल्ले दिले जातात. काही पीटीझेड कॅमेरे झोपी जाताना स्वतःच भिंतीकडे तोंड फिरवतात. ज्यांना ती सोय नाही, तिथले ऑपरेटर भिंतीचाही एक प्रीसेट साठवून ठेवतात आणि व्हीसी संपली की खुर्च्या सरकायच्या आधी तो मारतात.