पासवर्ड विसरलात? लिनक्सलाही तो ठाऊक नाही

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्यात हौसेने उबुंटू (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक अवतार) टाकायचं, चार दिवस खेळायचं आणि महिन्याभराने उघडलं की 'लॉगिन इनकरेक्ट' वाचत बसायचं, हे सर्रास घडतं.

आधी कीबोर्डावर संशय घ्यावा. काळ्या पडद्यावरच्या लॉगिनला पासवर्ड टाइप करताना साधे ठिपकेही उमटत नाहीत. इन्स्टॉल करताना चुकून ब्रिटिश कीबोर्ड निवडला असेल, तर शिफ्ट आणि 2 दाबल्यावर @ ऐवजी अवतरणचिन्ह पडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करून बघा. एंटर मात्र दाबू नका.

तिथे सगळं ठीक दिसलं, तर पासवर्ड खरंच विसरलाय. आणि तो लिनक्सला विचारून उपयोग नाही, कारण त्याने तो जपलेलाच नसतो. 'शॅडो' नावाच्या फाइलीत असतो फक्त त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डावर गणिती प्रक्रिया करून आलेली अक्षरांची माळ. पासवर्डावरून हॅश काढता येतो, उलटं गणित करता येत नाही. तुम्ही टाइप केलेल्याचा हॅश काढायचा आणि फाइलीतल्याशी जुळतो का पाहायचं, एवढंच लॉगिनचं काम. उलटा रस्ता नसला, तरी अंदाज बांधत बसता येतंच. ते अवघड व्हावं म्हणून प्रत्येक पासवर्डात 'सॉल्ट' नावाची वेगवेगळी भर घालण्याची युक्ती युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज सिस्टिमवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979च्या लेखात मांडली. गंमत अशी की युनिक्सच्या जुन्या फाइलीत राहिलेला खुद्द थॉम्पसन यांचा हॅश 2019 साली फुटला. ग्राफिक्स कार्डाला चार दिवसांहून जास्त झटावं लागलं. पासवर्ड निघाला बुद्धिबळातली चाल: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे!

आपल्याला मात्र काही फोडायचं नाही, नवा हॅश लिहिला की झालं. मशीन सुरू होताना तिच्या खिडकीत क्लिक करून शिफ्ट किंवा एस्केप दाबायचं (क्लिक राहिलं तर कळ बाहेरच्या संगणकाकडे जाते, आणि मेन्यू येतो-जातो क्षणात). ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) मेन्यूत 'ई' दाबायचं, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतला 'आरओ' (फक्त वाचा) बदलून 'आरडब्ल्यू' (वाचा आणि लिहा) करायचा आणि शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडायचं. आता कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नेहमीच्या व्यवस्थेऐवजी थेट रूटचा (सर्वाधिकारी युजरचा) शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, उघडतो. पासवर्ड विचारणारा प्रोग्राम सुरूच झाला नाही, मग विचारणार कोण? 'पासडब्ल्यूडी' कमांड, पुढे युजरनेम, नवा पासवर्ड, रीस्टार्ट. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या अवतारात एक खोच आहे: तिथला पहारेकरी, एसईलिनक्स, बदललेल्या फाइलीवरचं लेबल गेल्यामुळे अडून बसतो, म्हणून फाइलींना पुन्हा लेबलं लावायला सांगावं लागतं.

क्लाउडमधल्या मशीनची डिस्क सोडवून दुसऱ्या मशीनला जोडली, तरी हेच साधतं. थोडक्यात, ज्याच्या हाती डिस्क तो रूट, मग तो मालक असो वा चोर.

याला अपवाद एनक्रिप्ट केलेल्या डिस्कचा. लक्स या लिनक्सच्या डिस्क-एनक्रिप्शन पद्धतीत डिस्कची किल्ली पासफ्रेजने कुलूपबंद असते. पासफ्रेज गेली आणि दुसरी किल्ली किंवा बॅकअप ठेवलेला नसेल, तर ग्रबमध्ये काहीही लिहा, पुढे वाचायला डेटाच मिळत नाही. मशीन नव्याने इन्स्टॉल करायची.