ख्रिस्तराजाचा सण

ख्रिस्ती उपासना वर्षातला शेवटचा रविवार. रोमन कॅथलिक पंचांगात ‘विश्वाचा राजा आपला प्रभू येशू ख्रिस्त’ असे या सणाचे पूर्ण नाव आहे. तो 20 ते 26 नोव्हेंबरच्या दरम्यान येतो. 2026 साली 22 नोव्हेंबरला आहे. पुढच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ, आणि त्याबरोबर नवे उपासना वर्ष सुरू होते. रविवारच्या बायबल-वाचनांची सामायिक पाठपद्धती पाळणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्याही हाच रविवार ख्रिस्तराजाचा मानतात. मुंबईतल्या सिरो-मलबार (केरळातल्या पूर्वेकडील परंपरेच्या) कॅथलिकांचे पंचांग मात्र वेगळे आहे. त्यांचे वर्ष चर्चच्या समर्पणाच्या काळाने संपते.

पोप पायस अकरावे यांनी 11 डिसेंबर 1925 रोजी ‘क्वास प्रिमास’ या परिपत्रकाने हा सण घालून दिला. पहिल्या महायुद्धात युरोपातली जुनी साम्राज्ये कोसळली होती आणि इटलीत मुसोलिनीची सत्ता घट्ट होत होती. राष्ट्र किंवा नेता हेच सर्वस्व मानण्याला हे उत्तर होते. तेव्हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. 1969 च्या सुधारणेत तो वर्षाच्या टोकाला आला आणि त्याचा रोख बदलला: राज्यकर्त्यांना इशारा मागे पडून, सगळ्याचा शेवट कोणाच्या हाती आहे ही आशा पुढे आली.

हा राजा कसा आहे, हे वाचनांतून कळते. तीन वर्षांच्या चक्रात शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, उतारा बदलतो. ‘अ’ वर्षी मत्तय 25 मधला न्यायनिवाडा, ‘ब’ वर्षी रोमन सुभेदार पिलातासमोर उभा असलेला कैदी येशू (योहान 18), ‘क’ वर्षी क्रुसावरचा येशू आणि त्याच्याकडे आठवण ठेवण्याची याचना करणारा अपराधी (लूक 23). सिंहासन तेवढे ‘अ’ वर्षी दिसते, आणि तिथेही राजा भुकेल्यात, तहानलेल्यात, परक्यात, उघड्यात, आजाऱ्यात आणि कैद्यात स्वतःला लपवतो. सेवक-नेतृत्वाचा, म्हणजे पुढाऱ्याने आधी सेवक असावे या विचाराचा, आधार इथे आहे. मोठे होऊ पाहणाऱ्याने सेवक व्हावे हे मार्क 10 मधले सांगणे त्याला जोडून वाचतात. व्यवस्थापनशास्त्रात रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी ही संज्ञा 1970 मध्ये रूढ केली. ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ हे बिरुद पोप पहिले ग्रेगरी सहाव्या शतकातच लावत होते. कोणते वर्ष चालू आहे हे ओळखायला सनाला तीनने भागावे: बाकी शून्य तर ‘क’, एक तर ‘अ’, दोन तर ‘ब’. चक्र लगेच पुढच्या रविवारी बदलत असल्याने उपासनेत पाठ वाचणाऱ्याच्या हाती चुकीचा ग्रंथ पडतो तो बहुधा याच दिवसांत.

धर्मगुरूंचा पोशाख पांढरा किंवा सोनेरी; आगमनकाळाच्या जांभळ्याला अजून आठवडा असतो. अनेक धर्मग्रामांत (एका चर्चच्या हद्दीतल्या समुदायांत) मिस्सा या मुख्य उपासनेनंतर परमपवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेल्या भाकरीची, मिरवणूक निघते. मोठी भाकर त्याच मिस्सात पवित्र करून मॉन्स्ट्रन्समध्ये, म्हणजे किरणांच्या नक्षीच्या काचपात्रात, ठेवतात. परमप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, वाटल्यानंतरची प्रार्थना झाली की समारोपाचा विधी गाळून थेट निघायचे असते. इथे सवयीने आशीर्वाद देऊन टाकला की लोक पांगतात. पुढे क्रूस, मग मेणबत्त्या आणि धूपदाणी घेतलेले वेदीसेवक. वर धरलेल्या कापडी छताखाली धर्मगुरू, खांद्यावरच्या शालीने हात झाकून पात्र धरलेले. परतल्यावर येशूच्या पवित्र हृदयाला मानवजात समर्पित करण्याची प्रार्थना होते आणि साक्रामेंताचा आशीर्वाद देतात. तो देताना धर्मगुरू काही बोलत नाहीत.

मुंबईत यासाठी स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी आधी काढावी लागते. नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळच्या मिरवणुकीत मेणबत्त्यांना कागदी पेले हवेतच. खरी अडचण गाण्याची. रांग लांबली की टेम्पोवरच्या एकाच कर्ण्याचा आवाज टोकाला उशिरा पोहोचतो, पुढचे दुसऱ्या कडव्यावर आणि मागचे अजून पहिल्यावर. बिनतारी छोटे स्पीकर रांगेत वाटून दिले की हे थांबते.

मिरवणूक दिमाखदार होते आणि मत्तय 25 वेदीवरच राहून जाते, ही टीका रास्त आहे. भुकेल्याला जेवू घालण्यापासून कैद्याला भेटण्यापर्यंतच्या त्या सहा कामांतली निम्मी शहरात डोळ्यांसमोर आहेत: परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर थांबलेले परगावचे रुग्ण आणि नातेवाईक हे ठळक उदाहरण. अर्पणाच्या वेळी तांदूळ-डाळ गोळा करणे सोपे, पण चूल नसलेल्याला कच्चा शिधा निरुपयोगी. शिजवलेले अन्न न्यायचे तर रुग्णाचे पथ्य आधी विचारावे. तुरुंगभेट प्रशासनाच्या परवानगीशिवाय होत नाही. ती त्या रविवारीच हवी असा हट्टही नसावा.

वर्ष रविवारी संपत नाही. त्यानंतरचा 34 वा आठवडा पूर्ण होतो आणि शनिवारी सायंप्रार्थनेने नवे वर्ष उघडते. सामान्य काळाचे, म्हणजे मोठ्या सणांच्या काळांबाहेरचे, 33 च आठवडे भरत असतील, तर मधला एक गाळतात, पण हा शेवटचा ठेवतात. विषम सनात या आठवड्यात बायबलमधले दानीएल हे पुस्तक वाचतात, सम सनात प्रकटीकरण. गुरुवारी लूक 21 मध्ये उलथापालथीच्या वर्णनानंतर डोकी वर करा, सुटका जवळ आली आहे, असे येशू सांगतो. शनिवारी दुपारपर्यंत वेदीवरचे कापड बदलून चार मेणबत्त्यांचे आगमनचक्र मांडतात: तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची.