बायरन बारावीत कसा पोचला: इंग्रजीच्या तासातल्या प्रेमकवितेची पार्श्वभूमी

बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत २०२० पासून इंग्रज कवी बायरनची 'शी वॉक्स इन ब्यूटी' आहे. अठरा ओळींची कविता. एका स्त्रीला बघून कवी हरखलाय, एवढंच तीत घडतं. तो तिला काही विचारत नाही, तीही काही बोलत नाही. सातारा-सांगलीकडच्या ज्युनिअर कॉलेजांत ही कविता बोर्डाच्या धास्तीत दोन-तीन तासांत उरकली जाते. पहिल्या ओळीला मागच्या बाकांवर कुणीतरी खाकरतं. सर तिकडं काणाडोळा करतात, फळ्यावर 'सिमिली' लिहितात, ए-बी-ए-बी-ए-बी अशी यमकाची मांडणी उतरवून देतात आणि रसग्रहणाचा प्रश्न पक्का होतो. पोरांचं इंग्रजी होतं तिथंच राहतं.

यात नवीन काही नाही. प्रेमकविता आपल्या इंग्रजीच्या तासाला शंभराहून जास्त वर्षं बसलेली आहे. तिच्याकडून भाषा शिकवून घ्यावी, पोरांना बोलतं करावं, हे मात्र फार उशिरा सुचलं. मधल्या काळात तिनं मराठी कविता बदलली, नाटक बदललं. वर्गातल्या पोरांशी तिची गाठ तेवढी पडली नाही.

साताऱ्याचं राज्य १८४८ साली खालसा झालं आणि पुढं नऊ वर्षांनी मुंबई विद्यापीठ निघालं. इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारा मेकॉलेचा खलिता त्याआधीचा, १८३५ चा. विद्यापीठाच्या पहिल्या पिढ्यांना इंग्रजी शिकायची म्हणजे इंग्रजी साहित्यच वाचावं लागे; भाषा वेगळी आणि साहित्य वेगळं असा भेदच नव्हता. खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी १८९० च्या दशकात सुरू झाली, म्हणजे आपल्याकडची पोरं शेक्सपिअरवर परीक्षा द्यायला लागली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ही गोष्ट ऐकून काहींना अभिमान वाटतो. मला त्यात अभिमानासारखं काही दिसत नाही. ज्यांना इंग्रजीतून पाणी मागता येत नव्हतं त्यांच्या पुढ्यात थेट सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची बांधीव कविता, ठेवलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

त्यातच १८६१ साली फ्रान्सिस पॅलग्रेव्हनं 'गोल्डन ट्रेझरी' काढली. इंग्रजीतल्या निवडक भावकवितांचं हे पुस्तक. निवडीला कवी टेनिसनची मदत होती आणि अर्पणही त्यालाच केलेलं. पुस्तकाचे चार भाग. पहिला शेक्सपिअरच्या काळाचा, आणि त्यात तर प्रेमाच्या कविता भरपूर. हिंदुस्थानातल्या कॉलेजांत हे पुस्तक पिढ्यान् पिढ्या चाललं. आपल्याकडच्या किती आजोबांच्या ट्रंकेत त्याची पिवळी पडलेली प्रत सापडेल, सांगता येत नाही.

या पुस्तकात कोण नव्हतं तेही बघण्यासारखं आहे. पहिल्या आवृत्तीत सतराव्या शतकातला कवी जॉन डन नाही. डनची प्रेमकविता म्हणजे समोरच्या माणसाशी चाललेली हुज्जत: गप्प बस आणि मला प्रेम करू दे, असं तो सरळ सुनावतो. तोंडातलं इंग्रजी, वाद घालणारं, वाक्य मधेच तोडणारं. पॅलग्रेव्हला गोड, गेय, घोटीव कविता हवी होती. त्यामुळे आपल्या पोरांना प्रेमाचं इंग्रजी मिळालं ते गाण्याचं. बोलण्याचं मिळालं नाही. १९१२ साली ग्रिअर्सन या अभ्यासकानं डनची संपादित आवृत्ती काढल्यावर तिकडं वारं फिरलं. आपल्या अभ्यासक्रमांपर्यंत ते यायला आणखी वेळ गेला.

आणि शिकवायचं कसं? संदर्भासह स्पष्टीकरण आणि पॅराफ्रेज. दोन ओळी द्यायच्या, कवी कोण, कविता कुठली, प्रसंग कोणता ते लिहायचं, मग त्याच ओळी गद्यात उलगडायच्या. 'लव्ह' आला की तो ईश्वरावरच्या भक्तीकडे वळवायची काही मास्तरांची हातोटी होती. खालच्या इयत्तांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, वरच्या इयत्तांत नोट्स. कविता तोंडपाठ असायची, पण स्वतःचं एक वाक्य त्या भाषेत बोलायची पाळी येत नसे.

वर्गाबाहेर मात्र या कवितांनी चांगलाच धुमाकूळ घातला. केशवसुतांनी सॉनेट मराठीत आणलं. सांगलीशेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० साली शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. संशयानं पोखरलेलं प्रेम मराठी रंगभूमीवर आलं ते असं इंग्रजीच्या तासाला बसून आलेल्या माणसाकडून. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीतच 'सीतास्वयंवर' उभं केलं होतं. तिथपासून 'झुंझाररावा'पर्यंत अर्धं शतकही गेलं नव्हतं.

१९१९ हे साल आपल्या भागासाठी गमतीचं आहे. त्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं. त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली. एकीकडे साहेबाचं नाव लावलेलं कॉलेज, दुसरीकडे शेतकऱ्याची पोरं शिकावीत म्हणून काढलेली संस्था. इंग्रजी प्रेमकवितेची पुढची कथा या दोन वाटांनी जाते.

विलिंग्डनची वाट कवींची. साताऱ्यात जन्मलेले शंकर केशव कानेटकर, म्हणजे रविकिरण मंडळातले कवी गिरीश, तिथं मराठी शिकवत. टेनिसनच्या 'ईनक आर्डन'ला त्यांनी 'अनिकेत' या नावानं मराठी रूप दिलं. समुद्रावर गेलेला नवरा कित्येक वर्षांनी परत येतो, बायकोचा दुसरा संसार खिडकीतून बघतो आणि ओळख न देता निघून जातो, अशी ती कथा. त्याच मंडळातले यशवंत चाफळचे, तेही सातारा जिल्ह्यातलेच. १९२३ साली पुण्यात जमलेल्या या मंडळानं कविता जाहीरपणे गाऊन दाखवायची प्रथा पाडली, आणि त्यांच्या प्रेमकवितांवर इंग्रजी कवितेची सावली उघड दिसते.

विलिंग्डनचेच एके काळचे प्राचार्य म्हणजे विनायक कृष्ण गोकाक. हा माणूस या सगळ्या गोष्टीत मधोमध उभा आहे. कन्नडचे मोठे कवी, इंग्रजीचे प्राध्यापक. भाषेकडे कवीच्या नजरेनं बघायला हवं, असं मांडणारं त्यांचं पुस्तक १९५२ साली आलं. १९५८ साली हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली, तिचे ते पुढं संचालक झाले. १९७० साली भारतीय इंग्रजी कवितेचं संकलन त्यांनी साहित्य अकादमीसाठी केलं आणि नाव दिलं तेही 'गोल्डन ट्रेझरी'च. (कर्नाटकात कन्नडला शाळेत पहिलं स्थान द्या, असं सांगणारा गाजलेला अहवालही याच गोकाकांचा. भाषांचं भांडण म्हणजे आपलं किंवा त्यांचं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा माणूस जरूर वाचावा.)

रयतेची वाट वेगळी. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. 'कमवा आणि शिका' करत, सकाळी शेतात राबून वर्गात येणारी ही मुलं. घरात अक्षराची ओळख असलेली पहिलीच पिढी. त्यात स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं इंग्रजी आठवीवर ढकललं होतं. म्हणजे चार वर्षांच्या इंग्रजीवर मॅट्रिक आणि लगेच कॉलेजात शेलीसारख्या कवीची कविता. हे जमणार कसं?

जमत नाही हे शिक्षणखात्यालाही कळत होतं. मग आली स्ट्रक्चरल पद्धत. वाक्यांचे साचे ठरवायचे, शब्दसंख्या मोजून बांधायची, सोप्याकडून अवघडाकडे जायचं. 'धिस इज अ पेन. दॅट इज अ डोअर.' मास्तर दाराकडे चालत जाताना तोंडानं 'आय ॲम गोइंग टू द डोअर' म्हणायचे आणि पोरं तेच घोकायची. या पद्धतीला नावं ठेवायची फॅशन आहे. मी ठेवणार नाही. आमच्याकडच्या हजारो पोरांना इंग्रजी वाक्याचा कणा तिनंच दिला. पण कविता तिच्या हिशेबात बसत नव्हती. कवी शब्दांची जागा बदलतो, जुनी रूपं वापरतो, साचा मोडतो. तेव्हा कविता पाठ्यपुस्तकात कडेला गेली, आणि जी राहिली ती फुलं, पाऊस, झाडं, देशप्रेम यांची. प्रेमाची कविता थेट कॉलेजात भेटायची, तीही स्पेशल इंग्लिश घेणाऱ्यांना.

१९७५ च्या सुमाराला इंग्लंडात विडोसनसारख्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी विचारायला सुरुवात केली, की भाषा शिकवणाऱ्यांनी साहित्य टाकून का द्यावं? कवितेचा अर्थ सांगण्यापेक्षा भाषा तिथं कशी वागते ते पोरांनाच शोधू द्या. ऐंशीच्या दशकात मग कविता भाषेच्या तासाला परत आली, पण नव्या कामाला. ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि जुळवायला सांगायच्या. मधले शब्द गाळायचे. निम्मी कविता वाचून पुढं काय होईल ते बोलायला लावायचं. दुसऱ्या पात्राच्या तोंडून उत्तर लिहायचं. ॲलन मेली आणि ॲलन डफ यांचं १९८९ चं पुस्तक अशाच उपक्रमांचं आहे.

याच सुमाराला 'कम्युनिकेटिव्ह' पद्धत आली. तिच्यात व्याकरणाच्या यादीऐवजी भाषेनं करायच्या कामांची यादी असते: बोलावणं, वचन देणं, तुलना करणं, कौतुक करणं, तक्रार करणं, नकार देणं. ही यादी वाचून जुन्या इंग्रजीच्या मास्तराला हसूच येईल. ही तर सगळी प्रेमकवितेची कामं! 'मी' आणि 'तू' अशी दोनच माणसं, चौदा-वीस ओळी, आणि एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवंय. बोलायला शिकवायला याहून नेटका मजकूर सापडणं कठीण.

शेक्सपिअरच्या काळातल्या मार्लो या कवीची धनगराची कविता घ्या. १५९९ साली, कवी मेल्यावर सहा वर्षांनी, ती छापली गेली. 'कम लिव्ह विथ मी अँड बी माय लव्ह' अशी सुरुवात. मेंढपाळ प्रेयसीला बोलावतो आणि देणार असलेल्या वस्तूंची यादीच वाचतो: गुलाबांची शेज, फुलांची टोपी, कोकरांच्या लोकरीचा झगा, सोन्याच्या बकलांच्या सपाता. आज्ञार्थ आणि 'विल'चा भविष्यकाळ, एवढ्यावर सगळी कविता उभी. जत, आटपाडी, माण या बाजूची पोरं वर्गात असतील तर मजा येते, कारण मेंढरं त्यांनी घरात नाहीतर शेजारी बघितलेली असतात. खडकावर बसून पाखरांची गाणी ऐकणारा धनगर त्यांना पटत नाही. मेंढरं कोण राखतंय? चाऱ्यासाठी गाव सोडून महिनोन् महिने रानोमाळ हिंडणाऱ्याकडं सोन्याची बकलं आली कुठून? हे प्रश्न इंग्रजीत विचारायला लावले की तास भरतो.

मग त्याच काळातल्या वॉल्टर रॅलेच्या नावावर असलेलं त्या प्रेयसीचं उत्तर द्यायचं. 'इफ ऑल द वर्ल्ड अँड लव्ह वेअर यंग'. जग कायम तरुण असतं आणि मेंढपाळाची जीभ खरी असती, तर आले असते बाबा तुझ्याकडं. पण फुलं सुकतात, झगे फाटतात, नद्या पिसाळतात, खडक गार पडतात. सबंध नकार जर-तरवर तोललेला. 'इफ' आणि 'वुड'ची वाक्यं व्याकरणाच्या पुस्तकातून वर्षभर समजावली तरी सुटतात, कारण तिथं ती कुणाच्याच तोंडची नसतात. 'तुझ्या विहिरीला पाणी असतं तर मी विचार केला असता' हे वाक्य जतच्या मुलीला इंग्रजीत करायला सांगून बघा. मुली या कामात मुलांपेक्षा हमखास पुढं असतात, नकार लिहायचा असतो म्हणून असेल.

शेक्सपिअरचं अठरावं सॉनेट तुलनेच्या रूपांसाठी सोयीचं, पण त्याला आमच्याकडं वेगळीच अडचण. प्रिय माणसाची तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी करावी, हे एप्रिलमधल्या म्हसवडला कुणाच्या गळी उतरणार? तरी सातारा जिल्ह्यात त्याचा खुलासा आयताच आहे. साहेबांनी १८२८-२९ च्या सुमाराला महाबळेश्वरला माल्कमपेठ वसवली ती कशासाठी, हे विचारलं की सॉनेटमधलं 'मोअर टेम्परेट', म्हणजे जास्त सौम्य, कळतं.

अडचण खरी आहे ती संकोचाची. मुलं एका बाजूला, मुली एका बाजूला, दोघांच्या मध्ये मोकळी रांग, आणि दारावरून जाणारे प्राचार्य. तरुण मॅडमना ही कविता शिकवणं जास्त जड जातं. म्हणून अनुभवी शिक्षक चारशे वर्षांपूर्वीची कविता निवडतात: झगे आणि मेंढरं असली की ती कुणाच्या अंगाला चिकटत नाही. आजची, मोबाईलमधल्या मेसेजसारखी कविता घेतली की वर्गात लगेच कुणाचं तरी नाव कुणाशी तरी जोडलं जातं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे आताच्या पोरांना शब्द जास्त येतात. संकोच आहे तेवढाच आहे.

गंमत म्हणजे हा संकोच या मुलखाचा मूळचा नाही. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. त्यांच्या लावणीत प्रेयसी लाजत बसत नाही, सवालाला जबाब देते. त्याहून कितीतरी जुनी हालाची गाथासप्तशती, सातवाहनांच्या काळातली, महाराष्ट्री प्राकृतातली. सातेकशे गाथा, बहुतेक प्रेमाच्या, आणि पुष्कळशा बाईच्या तोंडच्या. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी १९९१ साली त्यांतल्या निवडक गाथा साध्या, आजच्या इंग्रजीत आणल्या. भाषेच्या तासाला त्या फार उपयोगी पडतात. एक गाथा फळ्याच्या कोपऱ्यात मावते, पण अर्धी गोष्ट कवीनं सांगितलेलीच नसते. बोलतंय कोण, कुणाशी, घरात आणखी कोण आहे, वाटसरूला 'इथं झोपू नकोस' असं सांगताना बाई नेमकी जागा कुठली दाखवतेय? पोरं आधी मराठीत कुजबुजतात, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडायला लागतात. अभ्यासक्रमात हे नाही, त्यामुळे शिक्षक ते पोर्शन संपल्यावर, जादा तासाला, स्वतःच्या हिमतीवर घेतात.